तोंड आवरा म्हणणं सोपं आहे

आपल्याकडे जाड माणसाला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. लग्नाच्या मांडवात लांबची मावशी देते, ऑफिसात डबा उघडला की शेजारच्या टेबलावरून येतो, लिफ्टमध्ये भेटलेले काकाही दोन मजल्यांच्या प्रवासात देऊन टाकतात. सल्ला एकच, ‘तोंडावर जरा ताबा ठेव’. त्याच मांडवात सडपातळ माणसाला शाबासकी मिळते, ‘छान मेन्टेन केलंय हं!’ सल्ला काय, शाबासकी काय, दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच. किती खायचं ते माणूस ठरवतो; कमी खाणारा संयमी, जास्त खाणारा हावरट. वजनकाट्यावरचा आकडा हा चारित्र्याचा दाखला मानला जातो.

ही समजूत चुकीची आहे, एवढंच मला म्हणायचं आहे. ती निर्दय आहे हा मुद्दा वेगळा. निर्दय असूनही खऱ्या अशा गोष्टी जगात पुष्कळ असतात. ही समजूत वस्तुस्थितीलाच धरून नाही. भूक आणि तृप्ती यांचा कारभार मेंदूचा जो भाग पाहतो, तो आपल्या संकल्पांना विचारून चालत नाही.

साधं गणित करून पाहू. मध्यम बांध्याचा माणूस दिवसाला साधारण २००० कॅलरी खातो असं धरलं, तर वर्षाच्या झाल्या ७ लाख ३० हजार. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी साठतात. म्हणजे वर्षअखेरीस वजन किलोभर वाढलं असेल, तर हिशेब चुकला जेमतेम एका टक्क्याने. रोजच्या २१ कॅलरी, अर्धा चमचा तूप. शरीर आपल्या खर्चातही थोडी घटबढ करतं, हे जमेस धरलं तरी ही अचूकता थक्क करणारी आहे. बहुतेकांचं वजन वर्षभरात किलो-दोन किलोच्या पलीकडे हलत नाही. पण अर्ध्या चमच्याचा हिशेब ठेवून कोण जेवतं? घरच्या आमटीच्या एका वाटीत नेमक्या किती कॅलरी आहेत, हे आहारतज्ज्ञालाही इतकं काटेकोर सांगता येणार नाही. तरी हिशेब जुळतो. म्हणजे तो ठेवणारं कुणीतरी आहे, आणि ते आपण नाही.

हे ‘कुणीतरी’ पोटात बसलेलं असावं, असं माणसाला फार काळ वाटत होतं. पोटात कावळे ओरडतात ते आपण ऐकतोच की! १९१२ साली हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांचे सहकारी वॉशबर्न यांनी चक्क रबरी फुगा गिळला आणि जठर आकुंचन पावतं तेव्हाच भुकेची कळ येते, असं दाखवून दिलं. प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण शस्त्रक्रियेत जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते, हे डॉक्टरांना दिसतच होतं. कावळे पोटात ओरडत असले, तरी त्यांना ओरडायला लावणारा दुसरीकडे होता.

तो सापडला मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या जेमतेम चार ग्रॅमच्या भागात. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या या भागाला मध्याजवळ बारीक इजा केली, तर उंदीर लठ्ठ होत गेले. १९५१ मध्ये येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासोबत एका भारतीय शास्त्रज्ञाने याची दुसरी बाजू दाखवली. हे बाल कृष्ण आनंद. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मधला शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांनीच उभा केला. त्यांनी हायपोथॅलॅमसच्या कडेच्या भागाला इजा केली, तेव्हा उंदरांनी खाणंच सोडलं. अन्न समोर होतं, तोंड-दात-जठर सगळं शाबूत होतं, पण खाण्याची इच्छाच उरली नव्हती. भुकेचं एक केंद्र आणि तृप्तीचं एक, इतकी सोपी मांडणी पुढे टिकली नाही. खाण्याची इच्छा मेंदूत तयार होते, ही गोष्ट मात्र पक्की झाली.

पण अंगात साठा किती आहे, हे मेंदूला सांगतं कोण? अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथल्या उंदरांत जन्मजात लठ्ठ असे दोन वाण आपोआप निपजले होते. डग्लस कोलमन यांनी या दोन वाणांचे उंदीर कुशीला कूस लावून शिवले, म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्यात जावं. पहिल्या वाणाच्या उंदराने खाणं सोडलं आणि तो उपाशी मेला; दुसरा होता तसाच लठ्ठ राहिला. कोलमन यांनी निष्कर्ष काढला, की रक्तातून तृप्तीचा एक निरोप फिरत असतो. पहिल्या वाणाच्या अंगात तो तयार होत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या रक्तातून मिळताच त्याची भूक मेली. दुसऱ्याच्या अंगात निरोप उदंड आहे, पण तो घेणारं यंत्रच बिघडलेलं आहे. या निरोपाचा जनुक १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडला. निरोपाचं नाव लेप्टिन, आणि तो धाडते खुद्द चरबी. जिला आपण निव्वळ ओझं समजत होतो, ती मेंदूशी सतत बोलत असते.

माणसातही हे असंच असतं का? १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं आढळली. त्यांच्या शरीरात लेप्टिन तयारच होत नव्हतं. पुढे सदफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या मुलीवर उपचार केले, तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि वजन होतं ९४.४ किलो. तिला सतत भूक लागायची. जेवून उठली की पुन्हा खायला मागायची, नाही म्हटलं की आकांत. अशा मुलीच्या आईला आपल्याकडे काय काय ऐकावं लागेल, याची कल्पना कुणालाही करता येईल: लाडावून ठेवलंय, शिस्त नाही, घरात काही वळणच नाही. मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू झालं. बारा महिन्यांत वजन १६.४ किलोंनी उतरलं. कुणी तिला वळण लावलं नव्हतं की समुपदेशनाला बसवलं नव्हतं. रक्तात नसलेला एक निरोप मिळाला आणि हावरी ठरलेली मुलगी इतर मुलांसारखी जेवू लागली.

मग लेप्टिन सगळ्यांना टोचलं की झालं, असं तेव्हा औषध कंपन्यांनाही वाटलं होतं. ते जमलं नाही, आणि का जमलं नाही हे समजणं जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतंच, उलट भरपूर असतं. मेंदू त्याच्या वाढीकडे फारसं लक्ष देत नाही. घट झाली की मात्र खडबडून जागा होतो. यामागचं तर्कशास्त्र जुनं आहे. लाखो वर्षं सजीवांना धोका होता तो उपासमारीचा, लठ्ठपणाचा नव्हे. महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि मिलो आठवणारी माणसं अजून घरोघर आहेत. आपला मेंदू अशा दिवसांसाठी घडलेला आहे. साठा घटू लागला की त्याच्या लेखी दुष्काळ पडलेला असतो. तो तुम्ही हौसेने पाडलात की पावसाने, याची तो चौकशी करत नाही.

संयमाचा महिमा गाणाऱ्यांनी मिनेसोटाचा प्रयोग जरूर वाचावा. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, युरोपातल्या उपासमारीवर उपाय शोधण्यासाठी, अ‍ॅन्सेल कीज यांनी मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोज सुमारे १५७० कॅलरी, शिवाय आठवड्याला ठरलेली पायपीट. हे तरुण कोण होते, ते इथे महत्त्वाचं आहे. शस्त्र हाती घेणार नाही, या तत्त्वासाठी त्यांनी सैन्यात जायला नकार दिला होता आणि दुसऱ्यांच्या भल्यासाठी स्वखुशीने उपाशी राहायचं कबूल केलं होतं. संकल्पशक्तीच्या परीक्षेला यांच्याहून पात्र माणसं आणायची कुठून? या माणसांचं काय झालं? त्यांचं बोलणं अन्नावरच येऊन थांबू लागलं. ज्यांनी कधी चूल पेटवली नव्हती, ते पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. जेवण लांबावं म्हणून अन्नात पाणी घालून ढवळत बसायचं, घास घोळवत ठेवायचा, शेवटी ताटली चाटायची, असं सुरू झालं. काहींनी चोरून खाल्लं आणि मग स्वतःचीच घृणा केली. प्रयोग संपून हवं तितकं खायची मुभा मिळाली, तेव्हा काही जण पोट फुटेस्तोवर जेवूनही ‘भूक जात नाही’ म्हणत होते. पोट भरलं होतं. मेंदूचा हिशेब भरला नव्हता.

हा प्रयोग महायुद्धाच्या काळातला म्हणून सोडून देऊ. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ५० वजनदार व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींवर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरलं. सुरुवात केल्यापासून ६२ आठवड्यांनी, म्हणजे डाएट संपून वर्ष उलटल्यावरही त्यांचं लेप्टिन खाली होतं, भूक वाढवणारं ग्रेलिन वर होतं आणि त्यांना पूर्वीपेक्षा जास्त भूक लागत होती. डाएट करून उतरलेलं वजन परत चढलं की आपण म्हणतो, ‘टिकवता आलं नाही.’ प्रत्यक्षात त्या माणसाला बारीक होण्यापूर्वीपेक्षा अधिक भुकेशी रोज, तिन्ही त्रिकाळ झगडावं लागत असतं. जन्मापासून सडपातळ असलेल्या त्याच्या मित्राला तो झगडा ठाऊकच नसतो; संयमाचं प्रमाणपत्र मात्र मित्राच्या खिशात.

आता कुणी म्हणेल, हे साठ्याचं झालं. पण एका बैठकीला किती खायचं ते तर आपल्या हातात आहे ना? तेही आपल्याला वाटतं तितकं नाही. जठर ताणलं की व्हेगस नावाची नस ते मेंदूच्या देठाला कळवते. अन्न आतड्यात उतरलं की तिथून संप्रेरकं सुटतात. हे निरोप पोचून ‘पुरे’ वाटायला पंधरा-वीस मिनिटं जातात. घाईने जेवणारा त्याआधीच ताट संपवून मोकळा झालेला असतो. उलट भूक घड्याळ पाहून येते: जेवायच्या नेहमीच्या वेळेआधी रक्तातलं ग्रेलिन वाढू लागतं. हायपोथॅलॅमसमधल्या भूक लावणाऱ्या पेशी प्रकाशाने चेतवल्या, तर भरल्यापोटीचे उंदीर काही मिनिटांत खायला लागतात, हे २०११ मध्ये दिसलं. २०१५ मध्ये त्याहून चकित करणारी गोष्ट कळली. भुकेल्या उंदराला अन्न नुसतं दिसलं, की एक कणही पोटात जाण्याआधी, काही सेकंदांतच या पेशी शांत होऊ लागतात. मेंदू पोट भरण्याची वाट पाहत नाही. पुढे काय मिळणार याचा अंदाज बांधून चालतो.

अंदाज आला की आठवण आली. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९९८ मध्ये स्मृती गमावलेल्या दोन रुग्णांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. ताजी घटना त्यांच्या ध्यानात राहत नसे. त्यांना दुपारचं जेवण दिलं. ते झाल्यावर थोड्याच वेळात पुन्हा ताट पुढे केलं, आणि ते पुन्हा जेवले. तिसऱ्यांदा वाढलं, तर त्यावरही हात टाकला. जठर भरलेलं होतं, संप्रेरकं वाहत होती. फक्त ‘आपण जेवलो’ ही आठवण नव्हती. मोबाइलकडे बघत जेवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

आणि पंगतीत शेवटी येणाऱ्या जिलेबीचं काय? मसालेभाताला हात आडवा करणारा माणूस जिलेबीच्या ताटाला नाही म्हणत नाही, यात लबाडी नसते. तृप्ती चवीपुरती येते. एकच चव पुन्हा पुन्हा घेतली की तिची गोडी उतरते, पण नव्या चवीचं खातं कोरं असतं. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी हे १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. आपल्या जुन्या आचाऱ्यांना आणि आग्रह करणाऱ्या यजमानांना ते आधीपासून माहीत होतं. फरक इतकाच, की अशी पंगत वर्षातून चार-दोनदा उठायची. आता ती फोनवर बोट टेकवलं की दारात येते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मेंदू तोच, मग आपले आजोबा जाड का नव्हते? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर माझ्याच बाजूचं आहे. मेंदू तोच असताना दोन पिढ्यांत वजनं वाढली असतील, तर बदललं ते बाहेरचं. माणसांचं चारित्र्य चाळीस वर्षांत एकदम ढासळलं, असं मानायला काहीच आधार नाही. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना महिनाभर रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद पद्धतीचं अन्न, दोन आठवडे साधं घरगुती धाटणीचं. वाढलेल्या ताटातल्या कॅलरी, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखेच ठेवले आणि हवं तितकं खायची मुभा दिली. पाकिटी अन्नावर तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली आणि दोन आठवड्यांत किलोभर वाढली. साध्या अन्नावर तितकीच उतरली. पंधरवड्यात माणसाची इच्छाशक्ती बदलत नसते. ताट बदललं होतं.

मग एकाच घरात, एकाच ताटावर एक भाऊ जाड आणि एक सडपातळ का? डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५४० जणांचा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंगलटीचा संबंध जन्मदात्यांशी लागला, वाढवणाऱ्यांशी लागला नाही. वळण लावणाऱ्या आईबापांना यातलं श्रेयही नाही आणि दोषही नाही. बदललेल्या ताटापुढे कोण किती फुगणार, हे पुष्कळसं जन्मतःच ठरतं.

आणि सडपातळपणाचा तरी काय भरवसा? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन या दोघा डॉक्टरांचं छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधली साडेतीन. पण आपल्या बाळांत कमी असतात ते स्नायू, चरबी तितकीशी कमी नसते, हेही याज्ञिक यांच्याच कामातून पुढे आलं. बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा इथे आहे. नजरेने माणसाची अंगलट तोलून त्याच्या संयमाचा निवाडा करणं आपल्याकडे तर दुप्पट चुकीचं ठरतं.

मग इच्छाशक्तीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तिचं क्षेत्र ओळखून. श्वास मिनिटभर रोखता येतो. म्हणून श्वास आपल्या हुकमाने चालतो असं कुणी म्हणत नाही. घासाचं तसंच आहे. हा लाडू नको, असं आज म्हणता येतं. पण लाडूचा डबा समोर ठेवून महिनोन्‌महिने नको म्हणत राहणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. कमी खाल्लं की वजन उतरतं, हा निसर्गनियम कुणी नाकारत नाही. प्रश्न आहे तो अन्नाच्या गराड्यात राहून, मेंदू दुष्काळाची दवंडी पिटत असताना कमी खात राहण्याचा. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षितांची ‘दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत उरका’ ही पद्धत घरोघर पोचली, ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळाने घरचं खाण्याचं सांगणंही पोचलं, आणि दोन्ही बाजूंचे अनुयायी हमरीतुमरीवर आले. मला वाटतं, दोन्हीकडे ज्यांना फायदा झाला त्यांनी एक गोष्ट सारखीच केली: खाण्याशी गाठ कधी आणि कशाशी पडणार, हे आधीच ठरवून टाकलं. दर तासाला नवा मोह आणि नवी लढाई, हे सत्र संपलं. संकल्प चालतो तो बाजारात, फडताळात, जेवणाच्या वेळांत. ताट समोर आल्यावर तो फार उशिरा पोचलेला असतो.

नव्या औषधांबद्दलचा आपला नाराजीचा सूरही याच समजुतीतून येतो. जेवल्यावर आतड्यातून सुटणारं जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात दोनेक मिनिटांतच नाहीसं होऊ लागतं. त्याच्यासारखाच रेणू असलेलं सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्के घटलं. वजनासाठीची अशी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडेही रीतसर विकली जातात. ‘ही तर पळवाट’ असं म्हणणारी माणसं रक्तदाबाच्या गोळीला पळवाट म्हणत नाहीत. अर्थात हे औषध लग्नाआधी दोन महिने घेऊन सोडायचं प्रसाधन नव्हे. त्याचे दुष्परिणाम आहेत, ते महाग आहे, आणि त्या चाचणीतल्या ज्यांचा पुढे पाठपुरावा झाला, त्यांचं घटलेलं दोन-तृतीयांश वजन औषध बंद केल्यावर वर्षभरात परत आलं. शेवटची गोष्ट औषधाच्या विरोधात वापरली जाते. मला तिच्यातून उलटच दिसतं. वर्षभर कमी खाऊनही त्या माणसांना ‘संयमाची सवय’ लागली नाही, कारण प्रश्न सवयीचा नव्हताच. निरोप थांबला आणि भूक परतली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया वजनदार किंवा लठ्ठ आणि १८.७ टक्के हडकुळ्या निघाल्या. यातल्या दुसऱ्या गटाला आपण कधी ‘तुम्ही कमी खाता, हा तुमचा दोष’ म्हणत नाही. परिस्थितीकडे बोट दाखवतो, आणि ते योग्यच आहे. पहिल्या गटाला तोच न्याय लावायला काय हरकत आहे? शाळेच्या उपाहारगृहात काय विकायचं, पाकिटावर साखर-मिठाचे आकडे किती मोठे छापायचे, मुलांच्या कार्यक्रमांत कशाच्या जाहिराती दाखवायच्या, हे निर्णय माणसं घेतात. ते बदलता येतात. दवाखान्यात ‘वजन कमी करा’ एवढं सांगून रुग्णाला वाटेला लावण्याऐवजी डॉक्टरांनी भूक किती लागते, झोप किती होते, औषधं कुठली चालू आहेत, हे विचारावं. आणि पुढच्या लग्नात कुणाच्या ताटाकडे बघून सल्ला ओठांवर आला, तर तो गिळावा. तोंडावर ताबा ठेवायची खरी गरज तिथे आहे.